मराठी कथावाङ्मयातील पोरके मूल

वाङ्मयाचा इतिहास आपण सहसा ग्रंथकर्त्यांच्या नावांनी आणि ग्रंथांच्या सनावळीने लिहितो. अमुक साली अमुक कादंबरी निघाली, तिने अमुक वळण पाडले, असे त्याचे स्वरूप असते. परंतु एखादा लहानसा प्रश्न हाती धरून त्याच्या मागोमाग शंभर वर्षे चालत गेले तरीही इतिहास दिसतो, आणि पुष्कळदा तो अधिक जवळून दिसतो. प्रस्तुत लेखात असाच एक प्रश्न घेतला आहे. घरात मृत्यू येतो तेव्हा त्या घरातील लहान मुलाचे काय होते, हे मराठी कथाकादंबरीने कसे सांगितले? आणि मुख्य म्हणजे, ते कोणाच्या तोंडून सांगितले?

प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. दुःख हे थोरांचे मानण्याची आपल्या घरांतून रीत आहे. मयत उचलण्यापूर्वी मुलांना शेजारी पाठवावे, त्यांनी विचारलेच तर ‘देवाघरी गेली’ असे सांगावे, आणि दहा दिवसांनी पोर खेळू लागले की ‘बरे झाले, विसरले बिचारे’ असे म्हणून मोकळे व्हावे. वास्तविक पोर विसरलेले नसते. ते फक्त विचारायचे थांबलेले असते. ही गोष्ट आपल्याकडे कोणी नोंदवून ठेवली असेल तर ती कथाकारांनी; आणि त्यांनीही ती एकदम नव्हे, पिढ्यापिढ्यांनी, पायरीपायरीने नोंदवली आहे.

आरंभ बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’पासून करावा लागतो. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली संमत झाला आणि पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, हे पुस्तक निघाले. त्यातील यमुना पतीसह प्रवास करते आणि ठिकठिकाणच्या विधवांच्या हकिकती तिच्या कानी पडतात. हेतू थोर होता यात संशय नाही. परंतु त्या दुर्दैवी स्त्रिया पुस्तकात येतात त्या पुराव्यादाखल. एकीची हकिकत संपली की दुसरीची सुरू होते. साक्ष आहे, पण साक्षीदाराचे बालपण नाही. ती काय खेळत होती, कोणाच्या कुशीत झोपत होती, आणि ते सारे कोणत्या दिवशी संपले, हे विचारण्याची सवड त्या काळच्या लेखकाला नव्हती.

ती सवड तेहतीस वर्षांनी हरि नारायण आपटे यांनी काढली. हरिभाऊंनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागली. १८९३ साली ती ग्रंथरूपाने आली. तो काळच मोठा खळबळीचा होता. रखमाबाईंचा खटला १८८४ पासून १८८८ पर्यंत गाजला होता. लहानपणी झालेले लग्न आपणांस मान्य नाही, असे एका तरुण स्त्रीने न्यायासनासमोर सांगावे, हीच गोष्ट समाजाला अपूर्व होती. संमतिवयाच्या वादाने पुणे आणि मुंबई दुभंगली होती. १८९१ साली ते वय दहावरून बारा झाले. १८९० मध्येच मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला, आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. ज्या प्रश्नावर सभा गाजत होत्या, वर्तमानपत्रांचे रकाने भरत होते, त्याच प्रश्नावर हरिभाऊंनी एका मुलीला बोलते केले. ती यमू.

यमूची कहाणी वैधव्याची म्हणून प्रसिद्ध आहे. पतीचा, रघुनाथरावांचा, मृत्यू आणि त्यानंतर शंकरमामंजींच्या घरातील ते सक्तीचे केशवपन यांनी वाचकांच्या तीन-चार पिढ्या हळहळल्या. परंतु ग्रंथ पुन्हा वाचावयास घेतला म्हणजे ध्यानात येते की, यमूच्या आयुष्यातील पहिला घाव वैधव्याचा नाहीच. तिची आई जाते, तो पहिला घाव. दादाच्या पाठीमागे धावणारी, भातुकलीत रमणारी, वडिलांच्या पावलांच्या आवाजाने दबकणारी मुलगी त्या दिवसापासून दुसरीच होते. पुढे सावत्र आई येते आणि आपल्याच घरात आपण पाहुणे आहोत हे त्या मुलीस उमगू लागते. हरिभाऊंचे खरे सामर्थ्य मला या भागात दिसते. केशवपनाचा प्रसंग लिहिण्यास सुधारकाचा संताप पुरेसा होता. आई गेल्यावरचे रिकामे माजघर लिहिण्यास लहान मुलाच्या उंचीवर वाकावे लागते.

तथापि एक मर्यादा सांगितली पाहिजे. यमू आपली हकिकत सांगते ती मोठेपणी, सारे भोगून झाल्यावर. लहान यमू आणि आपण यांच्यामध्ये जाणती यमुनाबाई बसलेली आहे. तिला शेवट माहीत आहे आणि तिला आपल्याकडून काही हवे आहे. ग्रंथाचे नावच फिर्यादीचे आहे. आपल्या कचेरीच्या भाषेत बोलायचे तर यमूची कहाणी हा समाजाच्या दप्तरी दाखल केलेला अर्ज आहे. अर्जाचा निकाल किती सावकाश लागतो, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. संमतिवयाच्या कायद्यानंतर अडतीस वर्षांनी, १९२९ साली, शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. ते अठरावर यायला १९७८ साल उजाडले.

यमूनंतरचे दुसरे मूल म्हणजे श्याम. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिली, आणि १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. आदल्या वर्षी, १९३२ मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने गुरुजींनी लिहून घेतली होती. एकाने सांगावे आणि बाकीच्यांनी भोवती बसून ऐकावे, ही रीत त्यांना त्या तुरुंगाने जवळून दाखवली होती. ‘श्यामची आई’ची बैठक तशीच आहे. आश्रमात मित्र जमतात आणि श्याम रात्रीमागून रात्री आईच्या आठवणी सांगतो. प्रकरणांना ‘रात्र’ असेच नाव आहे.

या पुस्तकाने एक मोठी गोष्ट केली, तिच्याकडे आपले नीटसे लक्ष गेलेले नाही. त्याने मुलग्याला रडण्याची मोकळीक दिली. यमूचे रडणे समाजाने गृहीत धरलेले होते. मुलीच्या जातीने रडायचेच. परंतु मुलग्याने आईसाठी रडावे, आणि मोठा झाल्यावरही चारचौघांत त्या आठवणीने गहिवरावे, हे पुरुषार्थाच्या रूढ कल्पनेत बसणारे नव्हते. गुरुजींची आई १९१७ साली वारली, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. पुस्तकातला श्यामही आईच्या अंतकाळी जवळ नाही. तो शिक्षणासाठी दूर आहे. सावकाराची माणसे दारात येऊन बोलतात तो अपमान, घटत चाललेले घर, आणि या सगळ्यात आपण नव्हतो ही बोच, एवढे घेऊन तो मोठा होतो. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि कोकणातील एका गरीब घरातले दुःख मराठी न जाणणाऱ्यांपर्यंतही पोचले.

पण येथेही सांगणारा मोठा आहे. आणि यमूला जसा निकाल हवा होता तसा श्यामला बोध हवा आहे. जवळजवळ प्रत्येक रात्रीच्या शेवटी दुःखातून काहीतरी शिकण्यासारखे निघते. दुःख माणसाला चांगले करते, अशी गुरुजींची श्रद्धा होती, आणि त्या श्रद्धेवर हजारो गरीब मुलांनी आपले दिवस काढले आहेत. तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. दुःखाने जे मूल चांगले झाले नाही, उलट करपले, कडवट झाले, त्याची रात्र कोणी सांगायची?

हा प्रश्न १९६० नंतरच्या लेखकांनी स्पष्टपणे विचारला. बाबूराव बागुलांच्या ‘आई’ या कथेत वर्गामध्ये गुरुजी मातेच्या वात्सल्यावरची कविता शिकवीत असतात, आणि बाकावर बसलेल्या मुलाला आपल्या आईबद्दल वस्तीने काय काय म्हटले आहे ते आठवत असते. बाप क्षयाने गेलेला. विधवा आई कष्ट करून पोट भरणारी, आणि तिच्या देखणेपणावर साऱ्या वस्तीचा डोळा. मुलाला आई हवी आहे, आणि तिचा संशयही येतो आहे. कवितेतली आई आणि घरातली आई यांच्यामध्ये ते मूल चिरडले जाते. येथे दुःखातून संस्कार निघत नाही, तिरस्कार निघतो; आणि तो तिरस्कार मुलाचा स्वतःचा नसून जातीने आणि दारिद्र्याने त्याच्या हातात दिलेला आहे, हे वाचकाला कळते, मुलाला कळत नाही. बागुलांनी कथा तिऱ्हाइताच्या भाषेत सांगितली आहे, परंतु दृष्टी मुलाच्या डोळ्यांपासून फारशी हलत नाही. मध्ये कोणी जाणता निवेदक बसलेला नाही, आणि म्हणूनच ती कथा असह्य होते.

बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा पहिला संग्रह १९६३ सालचा. त्याच साली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ प्रसिद्ध झाली. खानदेशातून पुण्यास शिकावयास आलेला पांडुरंग सांगवीकर आपली हकिकत पंचविसाव्या वर्षी सांगतो. सांगणारा अजून तरुण आहे. त्याच्यापाशी निकाल नाही आणि बोधही नाही. त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने दगावते. तोपर्यंत थट्टेत, बेफिकिरीत चाललेली भाषा त्या ठिकाणी अडखळते, तुटते आणि विलापाच्या जवळ जाते. ‘असे का?’ याला उत्तर नाही, आणि उत्तर आहे असे भासवावयास पांडुरंग तयार नाही. मराठी कादंबरीत एका लहान मुलीच्या मृत्यूला प्रथमच कोणताही अर्थ चिकटवलेला नव्हता.

या ठिकाणी इतिहासाची एक नोंद करावीशी वाटते. मनीला नेणाऱ्या रोगाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम १९६२ साली, म्हणजे ‘कोसला’च्या आदल्या वर्षी, सुरू झाली होती. भारतातील देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. आजच्या मुलांना देवी म्हणजे आजोबांच्या दंडावरची टोचल्याची खूण, एवढेच ठाऊक. जोपर्यंत घरोघर पाळणे रिकामे होत होते तोपर्यंत एका बहिणीच्या जाण्याने भाऊ किती मोडला याची मोजदाद होत नव्हती. लहान मुलांचे मरण जसजसे दुर्मिळ झाले, तसतसे मागे राहिलेल्या मुलाकडे पाहावयास लोकांना सवड झाली असावी, असे मला वाटते. कायद्याने यमूला जे दिले नाही, ते लसीने पुढच्या पिढ्यांना थोडेफार दिले.

शेवटचे मूल लंपन. प्रकाश नारायण संत यांनी त्याच्या कथा ‘सत्यकथे’तून लिहावयास आरंभ केला, मग दीर्घकाळ लेखणी खाली ठेवली, ‘वनवास’ हा संग्रह १९९४ साली आला, ‘शारदा संगीत’ १९९७ साली, आणि पुढे ‘पंखा’ व ‘झुंबर’. लंपन कानडी मुलखाच्या सीमेवरील एका गावी आजी-आजोबांपाशी राहतो. त्याचे आईबाबा दुसऱ्या गावी आहेत. तो अनाथ नाही. त्याच्यावर माया करणारी माणसे भोवती आहेत, शाळा आहे, सुमीसारखी मैत्रीण आहे. तरीही संग्रहाचे नाव ‘वनवास’ आहे, आणि ते नाव अतिशयोक्तीचे नाही. आई हयात असून ती या घरात नाही, ही पोकळी लंपनच्या खेळात, बडबडीत, त्याच्या लाडक्या ‘मॅड’ या शब्दात कुठे ना कुठे डोकावत राहते. त्याची भाषा कानडीच्या शेजारी वाढलेली मराठी आहे, आणि ती मुलाचीच भाषा आहे. जे त्याला कळत नाही ते लेखक आपणांस परस्पर सांगत नाही.

अखेरच्या संग्रहात लंपनच्या वडिलांचा मृत्यू येतो. येथे चरित्र आणि कथा एक मानण्याची चूक करू नये; पण जे जगजाहीर आहे ते लपवण्याचेही कारण नाही. प्रकाश संतांचा जन्म १९३७ चा. कवी नारायण संत आणि कवयित्री इंदिरा संत यांचे ते पुत्र. आईवडिलांचा ‘सहवास’ हा जोडकवितासंग्रह १९४० साली निघाला आणि १९४६ साली नारायणराव वारले. इंदिराबाईंची विरहाची कविता १९५१ च्या ‘शेला’पासून मराठी वाचकांना परिचित झाली. एकाच घरावर आलेला एकच मृत्यू. पत्नीला त्याचे शब्द पाच वर्षांत ग्रंथरूपाने मिळाले. त्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाने मात्र एका काल्पनिक मुलाच्या बापाचे मरण लिहिले ते अर्धशतकानंतर, आयुष्याच्या अखेरीला. संत २००३ साली गेले. मुलाचे दुःख लहान असते असे म्हणणाऱ्यांनी हे अंतर एकवार मोजून पाहावे.

आता ही चार-पाच मुले ओळीने उभी केली तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. सांगणाऱ्याचे वय उतरत गेले आहे. यमू प्रौढपणी सांगते, श्याम प्रौढपणी सांगतो, पांडुरंग पंचविशीत सांगतो, आणि लंपन लहान असतानाच सांगतो. वय उतरले तसे सांगण्याचे प्रयोजनही बदलले. प्रथम फिर्याद होती, मग संस्कार, मग नकार. शेवटी नुसते सांगणे उरले. कोणी म्हणेल, लंपनच्या तोंडून बोलणारा लेखकही पन्नाशी उलटलेला गृहस्थच ना? होय. परंतु त्या गृहस्थाने आपले जाणतेपण बाजूला ठेवून मुलाला बोलू दिले, हाच मुद्दा आहे. हरिभाऊ माजघरात क्षणभर वाकले होते. संत तिथेच मांडी घालून बसले. या दोन गोष्टींमध्ये एक शतक गेले.

मोठे होणे म्हणजे काय, याविषयीही ही मालिका काही सांगते. मृत्यू झाला त्या दिवशी यांपैकी कोणीच मोठे झालेले नाही. त्या दिवशी मूल फक्त एकटे पडते. ते मोठे होते ते घडलेले आपल्या शब्दांत सांगता येऊ लागते तेव्हा. आणि सांगायला ऐकणारा लागतो. यमूला तो मिळाला नाही, म्हणून तिने सगळ्या समाजाला विचारले. श्यामला आश्रमातले मित्र मिळाले. बागुलांच्या कथेतील मुलाला कोणीच मिळाले नाही, आणि तो करपला.

हा सगळा इतिहास आपणांस, म्हणजे मुलुख सोडून नोकरीनिमित्त दूर राहणाऱ्यांस, विशेष लागू आहे, असे मला वाटते. आपल्या घरी तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम येतो. सामान बांधताना पलंग आणि कपाटे मोजली जातात. मुलाचा शेजारचा मित्र, अर्धवट शिकलेली तिथली भाषा, गॅलरीत दाणे टिपायला येणारी पाखरे यांची यादी होत नाही. काहींनी शिक्षणाच्या सोयीसाठी मुले गावी आजी-आजोबांपाशी ठेवलेली आहेत. त्या प्रत्येक घरात एक लंपन आहे. आणि गावाकडून वाईट बातमी येते तेव्हा काय होते? पूर्वी तार येई. तारसेवा २०१३ साली बंद झाली, आता फोन येतो. रजेचा अर्ज, मिळेल त्या गाडीचे तिकीट, आणि मुलाची परीक्षा तोंडावर म्हणून त्याला सहकाऱ्याच्या घरी ठेवून आपण निघतो. तेरावे करून परततो तेव्हा मूल अभ्यास करीत असते. आजीचे त्याने नाव काढलेले नसते. आपण समाधानाने म्हणतो, ‘शहाणा आहे, समजूतदार आहे.’

तो समजूतदार असेलही. परंतु ज्या घरी दर उन्हाळ्यात जायचे त्या घरातली आजी नेमकी कोठे गेली, हे त्याला कोणी सांगितलेले नाही, आणि त्याला काय वाटते हे कोणी विचारलेले नाही. परमुलखात त्याच्या मराठीला घराबाहेर फारसे ऐकणारे नसते. आपण ऐकले नाही तर ते दुःख त्याच्या मातृभाषेत कधी उच्चारलेच जाणार नाही. अर्धशतकाने ते लिहून काढणारा लेखक प्रत्येक घरात जन्मत नाही.

उपाय मोठा नाही आणि त्याला खर्चही नाही. जमेल तेव्हा मुलाला बरोबर न्यावे. नेता आले नाही तर परतल्यावर त्याला जवळ बसवून जे घडले ते सरळ शब्दांत सांगावे. मग त्याने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत; ज्यांना उत्तर नाही त्यांना ‘मलाही ठाऊक नाही’ असे म्हणावे; आणि लगेच बोध काढू नये. हरिभाऊंनी जो प्रश्न ग्रंथाच्या नावातच विचारून ठेवला, त्याला कायद्याने, वैद्यकाने आणि वाङ्मयाने आपापली उत्तरे दिली आहेत. घराने द्यायचे उत्तर मात्र प्रत्येक घराला स्वतःच द्यावे लागते.